रुपचंद परत फिरला

जळगावचं चैतन्य पदभ्रमण मंडळ दर फेब्रुवारीत रुपचंदच्या नावानं एका दिवसाची डोंगरफेरी काढायचं. बस सुटायच्या आधी बन्सीलाल एका खुर्चीवर रुपचंदचा फोटो ठेवायचा. रुपचंदच्या बायकोला, प्रमिलाला, धरणगावहून खास बोलावलेलं असायचं. तिनं फोटोला हार घालायचा, आणि मग बन्सीलाल पाच मिनिटं बोलायचा. विषय ठरलेला, शिस्त.

"आमचा रुपचंद सोन्यासारखा माणूस," तो म्हणायचा, "पण डोंगरात संघनायकाचं ऐकावं लागतं. त्यानं ऐकलं नाही, वाट सोडली, आणि आपण त्याला गमावून बसलो. आज त्याच्या आठवणीनं एवढीच शपथ घ्या की आपण शिस्त पाळू."

लोक टाळ्या वाजवायचे. प्रमिला मान खाली घालून उभी राहायची.

बन्सीलालचं जळगावात खेळाच्या सामानाचं दुकान होतं. गोरापान, मोठ्यानं हसणारा, कुणाच्याही खांद्यावर हात टाकून बोलणारा माणूस. मंडळ त्यानंच काढलेलं, संघनायकही तोच. रुपचंद पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होता, डोंगराचा नाद होता म्हणून मंडळात गेला. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या मोहपाड्याच्या डोंगरावर मंडळाची फेरी गेली होती. चौदा जण वर चढले आणि पलीकडच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. उतरले ते तेरा. दुसऱ्या दिवशी रुपचंदचं प्रेत चढणीच्या बाजूच्या घळीतून वर काढलं. सरकारी कागदावर लिहिलं गेलं की वाट चुकल्यानं घळीत पडून मृत्यू. एका साप्ताहिकात बन्सीलालनं लेख लिहिला. 'संघनायकाचा सल्ला न मानता एक सदस्य परत फिरला' असं त्यात होतं.

तो लेख वाचून रुपचंदची आई, भिकुबाई, म्हणाली होती, "मना आंडोर लहानपनपाईनच हट्टी व्हता. कोन्हं ऐके नही." आणि त्यानंतर त्या घरात रुपचंदबद्दल जे काही बोललं जायचं, ते याच वाक्याशी येऊन थांबायचं. माणूस गेला तो गेला, वर दोषही त्याचाच. प्रमिला धरणगावच्या शाळेत सातवीला मराठी शिकवायची. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा कुणी हळहळलं की शेवटी म्हणायचं, "पण बाई, ऐकायला हवं होतं हो त्यांनी."

पावणेतीन वर्षं तिनंही ते खरं मानलं. मनातल्या मनात नवऱ्याशी भांडली. का ऐकलं नाहीत? काय अडलं होतं?

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर चोपड्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मधल्या रविवारी सुट्टी मिळाली. तिनं मोहपाड्याची एसटी पकडली. जागा एकदा बघावी, एवढंच मनात होतं. पाड्यावर विचारत विचारत ती सुका नावाच्या पावरा आदिवासी माणसाच्या अंगणात पोचली. प्रेत वर काढलं होतं ते त्यानं आणि त्याच्या बायकोनं, चमेलीबाईनं.

सुकानं तिच्यासाठी खाट टाकली. ती कोण हे कळल्यावर तो समोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "बाई, तो मानूस सकायले जित्ता व्हता."

प्रमिलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"जित्ता व्हता," सुका पुन्हा म्हणाला. "मी पानी दिधं. मंग तो बोलना. म्हने, पाय मुरगळना. बन्सी मना पानीना कॅन लई गया. 'तासभरमा मानूस धाडस' म्हने. मानूस ऊनाच नही."

बन्सीलाल पाणी घेऊन गेल्यावर रुपचंद मुरगळलेल्या पायानं चढणीवरच्या एका सपाट खडकावर, अंजनाच्या झाडाखाली, सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत बसून राहिला होता. मग तहान सोसेना, तेव्हा खालचा नाला गाठायला घळीत उतरला आणि पडला. रात्रभर तिथं पडून होता. सुकाला सगळं सांगून झाल्यावर तासाभरात गेला.

"हे तुम्ही पंचनाम्याला आलेल्या साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगं. साहेब म्हने, तुले काय समजनं. लिखंच नही."

चमेलीबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "चाल, जागा दखाडस." दोघी चढल्या. चमेलीबाईनं तो खडक दाखवला, खालची घळ दाखवली. मग ती खडकाच्या मागे झुडपांत शिरली आणि वीसेक पावलांवर वाकून तिनं पाचोळा बाजूला केला. दगडाच्या फटीतून बोटभर धारेनं पाणी झिरपत होतं.

"आठे झिरा शे, बाई. बठ्ठा उन्हाळा आटस नही." तिनं ओंजळ भरली आणि तशीच सोडून दिली. "त्याले माहीत नव्हतं."

प्रमिला खाली बसली. रडू आलं नाही. पाच तास तो माणूस वीस पावलांवरच्या पाण्याकडे पाठ करून बसला होता, पाठवतो म्हटलेल्या माणसाची वाट बघत. आणि पाठवतो म्हणणारा बन्सीलाल दर वर्षी त्याच्या फोटोशेजारी उभा राहून शिस्तीवर बोलत होता. तिच्या हातून हार घालून घेत होता.

चोपड्याला परतताना एसटीत तिला कुणीतरी विचारलं, बाई, बरं नाही का? तेव्हा तिला कळलं की आपण दात इतके आवळून धरलेत की जबडा दुखतोय.

नव्वदच्या फेब्रुवारीत ती नेहमीसारखी जळगावला गेली. हार घातला. भाषण ऐकलं. टाळ्या संपल्यावर बन्सीलालजवळ जाऊन म्हणाली, "भाऊ, एक विनंती आहे. पुढच्या वर्षी फेरी त्यांच्याच डोंगरावर काढा."

बन्सीलालचं हसू क्षणभर थबकलं. "वहिनी, तुम्हाला सोसवेल का?"

"मी पण चढणार. आखणी सगळी मी करते. तुम्ही फक्त नेतृत्व करा."

तो गहिवरला. खरंच गहिवरला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, याला म्हणतात धैर्य!"

मग प्रमिलानं वर्षभर आखणी केली.

मे महिन्यात, दसऱ्याला, दिवाळीत, नाताळात ती मोहपाड्याला गेली. दर वेळी चमेलीबाईबरोबर डोंगर चढली. पहिल्यांदा तिला धाप लागली, पायाला फोड आले. चौथ्यांदा ती चमेलीबाईच्या मागे चार पावलांवर होती. चमेलीबाईनं तिला शिकवलं की सागाचा वाळला पाचोळा पायाखाली तेलासारखा निसटतो, तिथं टाच आधी टेकवायची. सलईच्या झाडाला धरायचं नाही, साल हातात येते. अंजनाला धरायचं, ते हलत नाही. मोह वेचायला, चारोळीला, सरपणाला चमेलीबाई लहानपणापासून इथं येत होती. ती मनापासून शिकवायची. तिला वाटायचं, नवरा गेला त्या वाटेवरची भीती बाईला मोडायची आहे.

प्रमिला घड्याळ बघून वहीत लिहायची. पायथ्यापासून उभी चढण सुरू होते तिथवर चाळीस मिनिटं. डोंगराची ती बाजू दक्षिणेची. साडेनवाला ऊन चढणीवर येतं आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. खडकाशी सावली अकरापर्यंत, मग अंजनाची सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते. खडकावरून माथा दीड तास. माथ्यावरून पलीकडे सोपी उतरण आणि रस्ता, म्हणजे वर गेलेला माणूस परत या खडकाशी येण्याचं कारण नाही.

तिनं मंडळाचं परिपत्रक स्वतः लिहिलं. डोंगराचा नकाशा काढला, शाळेच्या यंत्रावर त्याच्या प्रती छापल्या. नियम घातला की मागच्या अनुभवावरून संघनायक या वेळी सर्वांत शेवटी चालतील, म्हणजे कुणी मागे राहणार नाही, आणि त्यांच्यासोबत मी चालेन. पाण्याचे दोन कॅन, एक पुढे सुकाकडे, एक मागे. बन्सीलालनं वाचून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवलं. "आखणी असावी तर अशी!"

नकाशा चमेलीबाईनंही बघितला. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोंगर ओळखू आला. बोट फिरवत ती खडकापाशी थांबली. "झिरा कोठे शे?"

"लहान आहे. नकाशात मावत नाही," प्रमिला म्हणाली.

चमेलीबाईनं नकाशावरचं बोट काढून तिच्याकडे पाहिलं.

बन्सीलाल मरावा असं आपल्याला वाटतं का, हे प्रमिलानं स्वतःला विचारलं नाही असं नाही. वह्या तपासताना, भाकरी थापताना विचारलं. एखाद्या दिवशी उत्तर यायचं, नाही, त्यानं फक्त त्या खडकावर बसून ते पाच तास अनुभवावेत. एखाद्या दिवशी यायचं, हो, मरावा. आणि दुसऱ्या उत्तरानं तिला दचकायला व्हायचं नाही.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. अंधारातच जळगावहून बस निघाली, सूर्य उगवला तेव्हा मोहपाड्यावर होती. एकोणीस माणसं, बरेचसे शिक्षक, काही दुकानदार. मोतीलाल म्हणून कापडाच्या दुकानातला एक जण सत्त्याऐंशीच्या फेरीतही होता. पायथ्याशी फोटो मांडला. हार घातला. बन्सीलाल शिस्तीवर बोलला. तो या चार वर्षांत चांगलाच सुटला होता, आणि पायात दुकानातले कोरे बूट होते. नवे बूट घालू नयेत, हे परिपत्रकात पाचवं कलम होतं. प्रमिलानं बूट पाहिले आणि गप्प राहिली.

सुका पुढे निघाला, चमेलीबाई भाकऱ्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मधे, आणि सगळ्यांत मागे बन्सीलाल आणि प्रमिला. उभी चढण लागली तशी पुढची माणसं झाडांत दिसेनाशी झाली. बन्सीलाल दर पन्नास पावलांवर थांबायचा. सव्वानऊला त्याची स्वतःची बाटली रिकामी झाली. मग तो मागचा कॅन मागू लागला. पाचोळ्यावरून तीनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याच्या पोटरीत गोळा आला.

"थोडं वर सावली आहे," प्रमिला म्हणाली. "तिथं बसू."

हात देऊन तिनं त्याला खडकापर्यंत आणलं. तो अंजनाला टेकून बसला, बूट काढले, पोटरी चोळत डोळे मिटले.

"वा वा," तो म्हणाला. "काय गार सावली आहे! जागा काय शोधलीय वहिनी."

प्रमिला त्याच्याकडे बघत राहिली. तिनं वर्षभर या क्षणाची कल्पना केली होती. तो खडक बघून पांढराफटक पडेल, तोंड लपवेल, नाहीतर काहीतरी थाप मारेल, असं सगळं तिनं मनात घडवून पाहिलं होतं. हे एक तिला सुचलं नव्हतं.

"भाऊ, ही जागा ओळखीची वाटते का?"

त्यानं डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. "डोंगरात सगळ्या जागा सारख्याच हो. का?"

"काही नाही."

दहा वाजले होते. तिनं कॅन उचलला, खांद्याला लावला.

"तुम्ही बसा आरामात. पुढे बाया आहेत, त्यांना पाणी लागेल. मी तासाभरात माणूस पाठवते."

हेच शब्द. ती थांबली, त्याला शेवटची संधी दिल्यासारखी.

"हो हो, जा तुम्ही," बन्सीलाल म्हणाला. "घोटभर ठेवून गेलात तर बरं."

"तासाभराचा तर प्रश्न," प्रमिला म्हणाली आणि चढू लागली.

माथ्यावर वारा होता. लोक सतरंजी टाकून बसले होते. कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. मोतीलालनं विचारलं, "बन्सीभाऊ कुठे?"

"परत फिरले," प्रमिला म्हणाली. "पायात गोळा आला. म्हणाले, खाली बसपाशी थांबतो."

"हां, सुटलेत जरा," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले, आणि जेवू लागले. इतकं सोपं होतं ते. प्रमिलानं भाकरीचा तुकडा मोडला. चार वर्षांपूर्वी इथंच, कदाचित याच दगडावर बसून, बन्सीलालही असाच जेवला असेल. भरीत तिला चवदार लागलं. तिनं आणखी घेतलं.

चमेलीबाई जेवत नव्हती. ती प्रमिलाच्या खांद्यावरच्या कॅनकडे पाहत होती. उठून जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "परत फिरना? तू दखं?"

"हो."

"तू त्याले कोठे सोडं?"

प्रमिलानं खांद्यावरचा कॅन सावरला.

"खडकवर?" चमेलीबाईनं तिचा दंड धरला. "पानी?"

"तीन वाजेपर्यंत थांब, चमेलीबाई. फक्त तीन वाजेपर्यंत. तो बसला होता ना पाच तास? यालाही बसू दे."

चमेलीबाईनं दंड सोडला. गाठोड्याला गुंडाळलेला सरपणाचा लांब दोर सोडून हातात घेतला आणि सुकाला पावरीत काहीतरी ओरडून सांगितलं. मग प्रमिलाकडे वळून मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मना डोंगरमा आखो एक मानूस मराले नको!" आणि चढून आले होते त्या वाटेनं धावत उतरू लागली.

लोक ताटं सोडून उठले. काय झालं, कोण मेलं? सुका निघाला, मोतीलाल निघाला, आणि मग सगळेच. प्रमिलाही उतरली. तिची आखणी दोन तासांत मोडली होती, आणि तिला चमेलीबाईचा इतका राग आला होता की पाय कुठे पडतायत याचं भान नव्हतं.

खडकावर नुसते बूट होते.

चमेलीबाईनं हाक मारली. घळीतून घशात अडकल्यासारखा आवाज आला. बन्सीलाल बारा-पंधरा हात खाली एका मुळीला धरून मुरमाच्या उतारावर पालथा पडला होता. नाल्याकडे उतरायला गेला आणि अनवाणी पाय सुटले. हलला की मुरूम सुटत होता, आणि त्याच्या खाली पाच-सहा हातांवर कडा तुटला होता. तोंड धुळीनं पांढरं, ओठ फुटलेले.

चमेलीबाईनं दोराचं एक टोक अंजनाला बांधलं. उरलेलं वेटोळं खाली सोडायला ती वळली, तेव्हा प्रमिला पुढे आली आणि तिनं वेटोळ्यावर पाय ठेवला.

"पाय काढ, बाई."

"काढते. आधी त्याला बोलू दे." तिनं घळीत वाकून पाहिलं. "भाऊ, आता जागा ओळखली का?"

वर पाहणाऱ्या त्या डोळ्यांत ओळख होती. ती केव्हा पटली असेल? तासाभरानं, माणूस आला नाही तेव्हा?

"वहिनी... दोर..."

"सत्त्याऐंशी साली इथं काय झालं ते सांगा. सगळे आहेत वर."

"अहो बाई, हे काय चालवलंय," एक शिक्षक पुढे झाला. मोतीलालनं त्याला हातानं मागे सारलं. मोतीलालचा चेहरा उतरला होता.

"चूक झाली," खालून आवाज आला.

"कुणाची?" प्रमिला म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता, स्वच्छ, सगळ्यांना शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "कर्ता कुठे आहे या वाक्यात? चूक कुणी केली?"

"आम्ही... आमच्याकडून..."

"आम्ही म्हणजे कोण? मोतीलालभाऊ होते तेव्हा. त्यांनी केली?"

"मला सांगितलं होतं रुपचंद परत फिरला," मोतीलाल म्हणाला. कुणाकडेही न बघता म्हणाला. "माथ्यावर. मी विचारलं होतं."

मुळी कचकन हलली. थोडा मुरूम खाली गेला आणि कड्यावरून पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. चमेलीबाई दोर ओढत होती, प्रमिलाचा पाय हलत नव्हता.

"मी!" बन्सीलाल ओरडला. "मी केली!"

"काय केलं? पूर्ण सांगा."

"मी रुपचंदचं पाणी नेलं. त्याचा पाय मुरगळला होता. माणूस पाठवतो म्हणालो. मी पाठवला नाही." तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. "लेखात मी खोटं लिहिलं."

प्रमिलानं एवढ्यासाठीच वर्षभर डोंगर तुडवला होता. पण एक प्रश्न तिनं आखणीत कधी लिहिला नव्हता, तो आपोआप तोंडातून निघाला.

"का पाठवला नाही?"

बन्सीलालनं मुळीवरची पकड बदलली. मग म्हणाला, "विसरलो."

"काय?"

"वर गेल्यावर फोटो काढत होतो सगळ्यांचे. जेवलो. विसरलो वहिनी. आठवलं तेव्हा खाली रस्त्यावर आलो होतो. अंधार पडत होता. म्हटलं, फिरला असेल परत."

तिला वाटलं होतं काहीतरी वैर असेल. हेवा, जुनं भांडण, काहीतरी. रात्री अंथरुणावर पडून तिनं किती कारणं शोधली होती. त्या माणसाजवळ कारणच नव्हतं. प्रमिलाला दिसलं ते एवढंच की खाली एक मुळी आहे, आणि ती फार वेळ टिकणार नाही, आणि आपला पाय अजून दोरावर आहे.

चमेलीबाईनं तिला खांद्यानं धक्का दिला. प्रमिला बाजूला पडली. दोर खाली गेला, सुका उतरला, चौघांनी मिळून बन्सीलालला वर ओढलं. आपण आपणहून पाय काढला असता का, हे प्रमिलाला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

चमेलीबाई झुडपांत गेली आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात झिऱ्याचं पाणी घेऊन आली. बन्सीलाल द्रोणावर तुटून पडला. तिनं तीनदा फेरी मारली. मग उभी राहून प्रमिलाला म्हणाली, "मी तुले वाट दखाडी ती मानसं मराले नको म्हनीसन."

"त्यानं मारलं माझ्या माणसाला."

"माले माहीत शे. तुना मानूस मना मांडीवर मरना." तिनं दोर गुंडाळला. "आते मना घर येऊ नको."

बसमध्ये बन्सीलाल पुढच्या बाकावर पायाला फडकं बांधून बसला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ज्यांच्या खांद्यावर त्यानं हात टाकले होते, ते सगळे मागे दाटीवाटीनं उभे होते.

पुढच्या आठवड्यात तो सांगत फिरला की ती बाई वेडी आहे, तिनं मला मारायचा कट केला होता, मी फिर्याद देणार. मोतीलालनं त्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, दे फिर्याद, आम्ही सगळे साक्षीला येतो, काय काय ऐकलं ते सांगतो. फिर्याद झाली नाही. मंडळाची पुढची सभा भरली नाही, त्याच्या पुढचीही नाही. उन्हाळ्यात प्रमिला स्वतः त्याच्या दुकानात गेली. तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"फोटो न्यायला आलेय," ती म्हणाली.

तो आत गेला, रुपचंदचा फोटो कागदात गुंडाळून घेऊन आला आणि काउंटरवर ठेवला. तिच्याकडे पाहिलं नाही. तो वाळला होता, गालाची हाडं दिसत होती. ते बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही.

लोक तिच्याशी जपून बोलू लागले. शिक्षकांच्या खोलीत ती आली की बोलणं थांबायचं. 'ऐकायला हवं होतं त्यांनी' असं मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही.

भिकुबाईला तिनं सगळं सांगितलं होतं, डोंगरावरून आली त्याच रात्री. म्हातारी भिंतीला टेकून ऐकत राहिली. पायाखालच्या दोराबद्दलही प्रमिलानं लपवलं नाही. त्या दिवसापासून म्हातारी गप्प गप्प झाली. चार वर्षं आपणच पोराला नावं ठेवली, हे तिला खात होतं. पावसाळा सरल्यावर एका सकाळी ती लुगडं नेसून, काठी घेऊन ओट्यावर येऊन बसली.

"माले तठे लई चाल," ती म्हणाली.

"आत्या, तुम्हाला चढवणार नाही."

"चढाले नको. जिना मांडीवर तो गया, तिले भेटनं शे."

मोहपाड्यावर एसटीतून उतरून प्रमिलानं सासूला हाताला धरून सुकाच्या अंगणापर्यंत नेलं. चमेलीबाई उडीद पाखडत होती. तिनं मान वर केली. प्रमिलाकडे पाहून तिचा चेहरा जसा होता तसाच राहिला. मग तिची नजर म्हातारीवर गेली.

"रुपचंदनी माय शे मी," भिकुबाई म्हणाली.

चमेलीबाई सूप ठेवून उठली. म्हातारीला धरून तिनं खाटेवर बसवलं, पाठीशी गोधडी लावली, आणि स्वतः तिच्या पायाशी जमिनीवर बसली. प्रमिलाला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. प्रमिला कुडाच्या कुंपणापाशी एका ओंडक्यावर बसली.

दोघी बायका खूप वेळ बोलत होत्या. भिकुबाई विचारायची, चमेलीबाई सांगायची. कुडाजवळून प्रमिलाला सगळं ऐकू येत नव्हतं. सकाळी तो कसा सापडला, उन्हं कुठवर आली होती, तो घरच्या कुणाकुणाची नावं घेत होता, असं काहीबाही कानावर पडत होतं. शेवटी एक वाक्य नीट ऐकू आलं.

"त्यानं डोकं मी मांडीवर लिधं व्हतं," चमेलीबाई सांगत होती, "तो माले माय म्हने. मी म्हनू, हां रे दादा, आठेच शे मी."

भिकुबाईनं तोंडाला पदर लावला. चमेलीबाई तिचे पाय दाबत राहिली. परतीची एसटी दोन वाजता होती. दोन वाजून गेले, तरी प्रमिलानं सासूला हाक मारली नाही.